पाच ग्रॅमी, पण रेडिओवर शून्य: डिक्सी चिक्सच्या वादात 'पब्लिक'ला मोजलं तरी कसं?

फेब्रुवारी २०२५ मधली ती क्लिप तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. ग्रॅमीचा मंच, लिफाफा उघडणारी टेलर स्विफ्ट, आणि स्वतःचं नाव ऐकून तोंड उघडं राहिलेली बियॉन्से. 'काउबॉय कार्टर'ला बेस्ट कंट्री अल्बम मिळाला होता. त्याच रात्री अल्बम ऑफ द इयरही. चेहऱ्याचे मीम्स झाले, स्टिकर झाले, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तर बिल्ड पास झालं की आजही तोच चेहरा पडतो.

मी मात्र त्या क्लिपखालच्या कमेंट वाचत बसलो (रात्री साडेबाराला, झोपायचं सोडून). अर्ध्या लोकांचं म्हणणं, हे कंट्री म्युझिक नाहीच, ग्रॅमीवाल्यांनी मुद्दाम दिलं. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, जळणारे जळतात. आणि दोन्ही बाजू एकच वाक्य वापरत होत्या: "पब्लिकला काय हवंय ते दिसतंच आहे."

कुठे दिसतंय? गंमत बघा. काही महिने आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने, म्हणजे सीएमएने, आपल्या पुरस्कारांची नामांकनं जाहीर केली होती. त्यात 'काउबॉय कार्टर'ला एकही नामांकन नव्हतं. एका ठिकाणी सर्वोच्च पुरस्कार आणि दुसऱ्या ठिकाणी भोपळा. तोच अल्बम, त्याच देशात.

हे पहिल्यांदा झालं असं वाटत असेल तर १८ वर्षं मागे चला. याच मंचावर तीन बायकांचा एक कंट्री ग्रुप उभा होता. त्यांनी एका रात्रीत पाच ग्रॅमी घेतले, आणि त्यांच्याच प्रकारच्या संगीताचा रेडिओ त्यांना हातही लावत नव्हता. नाव डिक्सी चिक्स. आता त्या फक्त 'द चिक्स' म्हणवतात. 'डिक्सी' हा शब्द अमेरिकेच्या गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेची आठवण करून देतो म्हणून जून २०२० मध्ये त्यांनी तो काढून टाकला. या लेखात जुन्या घटना आहेत, म्हणून जुनंच नाव ठेवतो.

मी संगीताचा जाणकार नाही. माझं काम डेटाचं आहे. पण ही गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं की हा वाद गाण्यांचा कमी आणि मोजणी करणाऱ्या सिस्टीमचा जास्त आहे. म्हणून इथे लिहितोय.

आधी झालं काय होतं?

१० मार्च २००३. लंडनचं शेपर्ड्स बुश एम्पायर हे थिएटर. इराकवर हल्ला व्हायला जेमतेम दहा दिवस. ग्रुपची मुख्य गायिका नॅटली मेन्स हिने दोन गाण्यांच्या मध्ये सांगितलं की आम्हाला हे युद्ध नको आहे, आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. ती स्वतः टेक्सासची, जॉर्ज बुशही टेक्ससचेच म्हणवले जाणारे. समोरच्या लंडनकरांनी टाळ्या वाजवल्या.

आज असतं तर पन्नास फोन वर असते आणि गाणं संपायच्या आत क्लिप फिरली असती. २००३ मध्ये ना स्मार्टफोन, ना यूट्यूब, ना ट्विटर. मग बातमी पसरली कशी? 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात कार्यक्रमाचं परीक्षण आलं, त्यात ते वाक्य होतं. तिथून ते वृत्तसंस्थांनी उचललं. मग अमेरिकेतल्या काही उजव्या विचारांच्या वेबसाइट, ईमेलचे फॉरवर्ड, आणि त्यावरून रेडिओ स्टेशनला फोन. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे होतं तेच, फक्त दोन मिनिटांऐवजी दोन-तीन दिवस लागले.

हा ग्रुप तेव्हा कुठे होता हे लक्षात घ्या, नाहीतर पडझड किती मोठी होती ते कळणार नाही. जानेवारी २००३ मध्ये सुपर बोलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत त्यांनीच गायलं होतं. फेब्रुवारीत ग्रॅमी घेतले होते. आणि मार्चमध्ये कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर असलेलं गाणं त्यांचंच होतं, 'ट्रॅव्हलिन सोल्जर'. व्हिएतनामला गेलेला एक सैनिक आणि त्याची वाट पाहणारी मुलगी, असं ते गाणं. सैनिकांविरोधी म्हणून शिव्या खाणाऱ्या ग्रुपचं हिट गाणं सैनिकावर होतं!

पुढच्या आठवड्यात ते गाणं तिसऱ्या क्रमांकावर आलं आणि त्यानंतर यादीतूनच गायब झालं. त्यांचं दुसरं गाणं 'लँडस्लाइड' बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत १० वरून थेट ४३ वर पडलं. एवढ्या लोकांची आवड एका आठवड्यात बदलते का? नाही बदलत. बदललं होतं ते प्ले करणाऱ्याचं बटण.

बटण कोणाच्या हातात होतं?

इथे थोडं थांबू, कारण सगळी मजा इथेच आहे.

१९९६ पर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात ४० पेक्षा जास्त रेडिओ स्टेशन घेता येत नव्हती. त्या वर्षीच्या टेलिकम्युनिकेशन कायद्याने ही मर्यादा उठवली. पुढच्या काही वर्षांत क्लियर चॅनल या एकाच कंपनीकडे १,२०० च्या वर स्टेशन जमा झाली. क्युम्युलस नावाची दुसरी साखळी होती. तिने आपल्या ४२ कंट्री स्टेशनांवरून महिनाभर डिक्सी चिक्स बंद केल्या. लुइझियानात क्युम्युलसच्या एका स्टेशनच्या कार्यक्रमात लोकांनी सीडी आणून टाकल्या आणि त्यावरून ट्रॅक्टर फिरवला. कोलोरॅडोमध्ये एका स्टेशनने तर उलट केलं, बंदी मोडून गाणी लावणाऱ्या आपल्याच दोन डीजेंना निलंबित केलं. साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेने ठराव केला. नॅटलीला जिवे मारण्याची धमकी आली आणि डॅलसचा कार्यक्रम कडक पोलिस बंदोबस्तात करावा लागला.

जुलै २००३ मध्ये हे प्रकरण सिनेटच्या समितीपुढे गेलं. अध्यक्ष होते जॉन मॅकेन. ते स्वतः रिपब्लिकन, युद्धाच्या बाजूचे, नॅटलीचं बोलणं त्यांना पटलेलं नव्हतं. पण एक कंपनी वरून हुकूम काढून इतक्या स्टेशनांवरून एखादा आवाज बंद करते, हे त्यांना जास्त धोक्याचं वाटलं. क्युम्युलसच्या प्रमुखांना त्यांनी याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं.

मग खलनायक म्हणजे मोठ्या कंपन्या, विषय संपला? मीही आधी असंच धरून चाललो होतो. पण गॅब्रिएल रॉसमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कोणत्या स्टेशनवर गाणं कधी किती वेळा वाजलं याचा डेटा घेऊन तपासलं. त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. क्युम्युलसची बंदी खरी होती, पण एकूण पडझडीचं कारण मालकी नव्हतं. ज्या भागातले श्रोते जास्त सनातनी विचारांचे तिथे गाणी आधी आणि जास्त बंद झाली, मालक कोणीही असो. ज्या क्लियर चॅनलला सगळे शिव्या घालत होते, त्याची स्टेशन इतरांपेक्षा काही वाईट वागली नव्हती. म्हणजे दाब खालून आला होता. श्रोत्यांकडून, फोनवरून.

पण 'श्रोते' म्हणजे कोण? स्टेशनला फोन करणारे श्रोते. आणि इथे मला माझीच एक चूक आठवते.

एक स्टारवाले

दोन-अडीच वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो (नाव सोडा), तिथे आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने ॲपमध्ये एक फीचर बांधलं होतं. चार महिने खपली होती बिचारी त्यावर. रिलीज झालं आणि तिसऱ्या दिवशी प्ले स्टोअरवर एक स्टारच्या रिव्ह्यूंचा पाऊस. शिव्याच शिव्या. मॅनेजरने विचारलं काय करायचं, मी म्हटलं, "काढून टाकू, पब्लिक भडकलंय." काढलं. महिन्याभराने निवांत लॉग बघताना लक्षात आलं की शिव्या घालणाऱ्यांमधल्या बहुतेकांनी ते फीचर एकदाही उघडलेलं नव्हतं. कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला होता. आणि जे ते रोज वापरत होते त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती, कारण ज्याचं काम नीट चाललंय तो रिव्ह्यू कशाला लिहील? ती मुलगी नंतर दुसरीकडे गेली. मी तिला अजून हे सांगितलेलं नाही.

सांगायचा मुद्दा, रागावलेला माणूस फोन करतो. आवडणारा माणूस फोन करत नाही, तो गाडी चालवत गाणं ऐकतो. स्टेशन मॅनेजरला २००३ मध्ये पहिला माणूस दिसत होता, दुसरा नाही. त्या काळी कोण किती वेळ काय ऐकतं हे मोजायला लोकांना कागदी डायऱ्या दिल्या जायच्या आणि त्यात ते हाताने लिहायचे. त्यामुळे मॅनेजरकडे ताजा डेटा म्हणजे खणखणणारा फोन.

त्यात रेडिओचं गणितच वेगळं. समजा १०० श्रोते आहेत. एक गाणं ६० जणांना प्रचंड आवडतं, २५ जणांना चालतं, आणि १५ जण ते लागलं की स्टेशन बदलतात. सीडी विकणाऱ्यासाठी हे सोनं आहे, ६० गिऱ्हाईकं! रेडिओवाल्यासाठी हे संकट आहे. कारण ६० जण तसेही ऐकत होते, ते काही दुप्पट ऐकणार नाहीत. पण १५ गेले की जाहिरातीचा दर खाली. त्यामुळे रेडिओला 'खूप आवडणारं' गाणं नको असतं, 'कोणालाच न खटकणारं' हवं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम आवड वाढवण्यासाठी नाही, नावड कमी करण्यासाठी ट्यून केलेली होती. अशा सिस्टीममध्ये १५ टक्के चिडलेले लोक ६० टक्क्यांना हरवू शकतात, आणि कोणी कट केलेला नसतो.

मग २००७ मध्ये पाच ग्रॅमी कसे?

मे २००६ मध्ये त्यांचा पुढचा अल्बम आला, 'टेकिंग द लाँग वे'. त्यातलं मुख्य गाणं 'नॉट रेडी टू मेक नाइस'. नावातच सगळं आलं, समेट करायला आम्ही अजून तयार नाही. २००३ मध्ये नॅटलीने राष्ट्राध्यक्षांच्या पदाचा अनादर झाल्याबद्दल माफी मागितली होती. २००६ मध्ये 'टाइम' मासिकाला तिने सांगितलं की ती माफी आता लागू नाही.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. पहिल्या आठवड्यात अल्बमच्या ५,२६,००० प्रती विकल्या गेल्या आणि तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिला आला. आणि 'नॉट रेडी टू मेक नाइस' कंट्रीच्या गाण्यांच्या यादीत? ३६ व्या क्रमांकाच्या वर गेलंच नाही.

या दोन याद्या एकाच कंपनीच्या आहेत. पण आत जाणारा डेटा वेगळा. अल्बमची यादी मे १९९१ पासून साउंडस्कॅनवर चालायची, म्हणजे दुकानात बारकोड स्कॅन झाला की एक विक्री मोजली. त्याआधी दुकानदार फोनवर "हे चांगलं खपतंय" असं सांगायचे आणि त्यावर यादी बनायची! बारकोड आल्यावर चारच महिन्यांत गार्थ ब्रुक्सचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. कंट्रीच्या कोणत्याही अल्बमला तसं त्याआधी जमलं नव्हतं. लोक आधीपासून घेत होते, मोजणारे मोजत नव्हते.

कंट्री गाण्यांची यादी मात्र तेव्हा फक्त रेडिओवर चालायची. शहराशहरांत बसवलेले कॉम्प्युटर प्रसारण ऐकायचे, गाण्याचा ध्वनीचा ठसा ओळखायचे आणि किती वेळा वाजलं ते मोजायचे. शाझाम जे तुमच्या फोनवर करतं साधारण तेच. तंत्र एकदम चोख, पण ते मोजत काय होतं? स्टेशनने काय वाजवलं ते. लोकांना काय ऐकायचं होतं ते नाही. स्टेशनने वाजवलं नाही की यादीत नाही, यादीत नाही की "बघा, लोकांना नको आहे" म्हणून पुढचं स्टेशनही वाजवत नाही. हा लूप ज्याने कोड लिहिलाय त्याला लगेच ओळखू येईल. आऊटपुटच इनपुट म्हणून परत आत जातंय.

(२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये बिलबोर्डने या यादीत स्ट्रीमिंग आणि विक्री मिळवली. डिक्सी चिक्सना त्याचा उपयोग नव्हता, सहा वर्षं उशीर.)

तिकिटांनी तिसरंच उत्तर दिलं. २००३ च्या दौऱ्याची बहुतेक तिकिटं वादाआधीच खपली होती, त्यामुळे हॉल भरले. २००६ च्या दौऱ्यात मात्र दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले कितीतरी कार्यक्रम तिकिटं जात नाहीत म्हणून रद्द झाले आणि कॅनडातले वाढवले. म्हणजे राग नुसता फोनवरचा नव्हता. त्या भागात खरेखुरे चाहते गेले होते, आणि ते परत आले नाहीत. हे मान्य न करता "सगळं रेडिओचं कारस्थान" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्याचा मुलगा इराकमध्ये आहे त्याला परदेशातल्या मंचावरून मारलेला तो टोमणा लागला असेल, तर ते काही खोटं दुखणं नव्हतं.

आणि मग ११ फेब्रुवारी २००७, लॉस एंजेलिस. पाच नामांकनं, पाच पुरस्कार. अल्बम ऑफ द इयर, रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर, शिवाय कंट्रीमधले दोन. एकाच कलाकाराने ते तीन मोठे पुरस्कार एका रात्रीत घेणं १९९३ मध्ये एरिक क्लॅप्टननंतर पहिल्यांदाच घडत होतं.

प्रतिक्रिया ठरल्याप्रमाणे दोन. एक, "अखेर न्याय मिळाला." दोन, "हा संगीताचा पुरस्कार नाही, बुशविरोधी मतदान आहे." नॅटलीनेही मंचावरून साधारण असंच सुचवलं की आज लोकांनी आपलं मतस्वातंत्र्य वापरलेलं दिसतंय. आणि हवा बदलली होतीच. युद्ध सुरू झालं तेव्हा बुश यांना पाठिंबा ७० टक्क्यांच्या आसपास होता, फेब्रुवारी २००७ मध्ये तो तिशीत घसरला होता.

पण मत दिलं कोणी? ग्रॅमीचे मतदार म्हणजे रेकॉर्डिंग अकॅडमीचे सदस्य, तेव्हा सुमारे ११,०००. गायक, वादक, निर्माते, साउंड इंजिनिअर, गीतकार. यात रॉकवाले, जॅझवाले, शास्त्रीयवाले सगळे. मोठ्या पुरस्कारांना सगळेच मत देतात. आणि कंट्रीच्या पुरस्काराला मत द्यायला तुम्ही कंट्रीतलेच असायला हवं असं नव्हतं. याउलट सीएमएचे मतदार कंट्रीच्या धंद्यातलेच, बरेचसे नॅशव्हिलचे, आणि त्यात रेडिओवालेही. ज्या रेडिओने गाणी बंद केली त्याच्याशी ज्यांचं रोजचं पोट जोडलेलं आहे असे लोक. नोव्हेंबर २००६ च्या सीएमए पुरस्कारांत डिक्सी चिक्सना एकही नामांकन नव्हतं. तीन महिन्यांत शून्य ते पाच.

म्हणजे फोन करणारे, स्टेशन, सीडी घेणारे, तिकीट काढणारे, नॅशव्हिलचे मतदार, ग्रॅमीचे मतदार, असे सहा सेन्सर आणि सहा वेगळी रीडिंग. प्रत्येक बाजूने आपल्याला हवं ते रीडिंग उचललं आणि त्याला 'पब्लिक' म्हटलं.

माझं मत विचाराल तर त्या पाचांतले दोन-तीन पुरस्कार त्या अल्बमला राजकारण नसतं तरी मिळाले असते, इतका तो चांगला आहे. पाचही मिळाले असते असं मला वाटत नाही. मतदारांना त्या रात्री एक संदेश द्यायचा होता, हे उघड होतं. पण मग नॅशव्हिलचं शून्य हाही संदेशच होता. एकाला राजकारण आणि दुसऱ्याला 'शुद्ध संगीताचा निर्णय' म्हणता येणार नाही.

पुरस्कारांचा परिणाम? त्या रात्रीनंतर 'नॉट रेडी टू मेक नाइस' हॉट १०० मध्ये परत आलं ते थेट चौथ्या क्रमांकावर. बहुतेक जोर डिजिटल डाउनलोडचा होता. लोकांनी टीव्हीवर पाहिलं आणि कॉम्प्युटरवर विकत घेतलं, मध्ये रेडिओ लागलाच नाही. महिनाभर आधी, ९ जानेवारी २००७ ला, स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला होता. कंट्री रेडिओने मात्र पुरस्कारांनंतरही दार उघडलं नाही.

आता रेडिओ तुमच्या खिशात आहे

आज हेच घडलं तर काय होईल याचा अंदाज करायची गरज नाही, घडून गेलंय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मॉर्गन वॉलन या कंट्री गायकाचा वर्णद्वेषी शब्द उच्चारतानाचा व्हिडिओ बाहेर आला. मोठ्या रेडिओ साखळ्यांनी एका दिवसात त्याची गाणी काढली, स्ट्रीमिंग कंपन्यांनी आपल्या खास प्लेलिस्टमधून काढलं, एका मोठ्या कंट्री पुरस्काराने त्या वर्षी त्याला अपात्र ठरवलं. म्हणजे या वेळी बटण वरून दाबलं गेलं. आणि झालं काय? त्याची विक्री वाढली, अल्बम पहिल्या क्रमांकावरच बसून राहिला. कारण आता 'प्ले' तुमच्या हातात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएमएने त्यालाच एंटरटेनर ऑफ द इयर दिलं, तो तर कार्यक्रमाला आलाही नाही.

जुलै २०२३ मध्ये जेसन अल्डीनच्या 'ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन'चा व्हिडिओ वादामुळे एका म्युझिक चॅनलने काढला. गाणं आधी फारसं चर्चेत नव्हतं. त्यानंतर ते हॉट १०० मध्ये दुसरं आणि मग पहिलं आलं.

इथे फरक नीट बघा. रेडिओला राग नको होता, चिडलेला माणूस स्टेशन बदलायचा. फीडला राग चालतो, नव्हे, धावतो. चिडलेला माणूस ॲप बंद करत नाही, तो कमेंट टाकतो, मग उत्तराला उत्तर देतो, मग मित्राला शेअर करतो, "बघ हे काय". मशीनला त्यात शिवी आहे की कौतुक हे दुय्यम, वेळ गेला हे मुख्य. मी स्वतः रात्री साडेबाराला बियॉन्सेच्या क्लिपखाली बसलो होतो तेव्हा तिथलं प्रत्येक स्क्रोल 'आवड' म्हणूनच नोंदलं गेलं असणार. नंतरचे चार दिवस माझ्या फीडमध्ये काउबॉय टोप्याच टोप्या!

म्हणजे २००३ मध्ये १५ टक्के चिडलेले लोक एखाद्याला गायब करू शकत होते. आज तेच १५ टक्के त्याला सगळ्यांच्या स्क्रीनवर नेऊन बसवतात. दोन्ही वेळा उरलेले ८५ टक्के मोजणीत कुठे दिसत नाहीत. आणि आधीच प्रसिद्ध असलेल्याला हे परवडतं. ज्याच्यामागे अजून कोणी नाही अशा नव्या गायिकेला अजूनही तेच सांगितलं जातं, जपून बोल. टेलर स्विफ्टनेच २०२० च्या 'मिस अमेरिकाना' या माहितीपटात सांगितलंय की तिला सुरुवातीपासून डिक्सी चिक्सचं उदाहरण देऊन गप्प राहायला शिकवलं गेलं. नॅशव्हिलमध्ये त्यांचं नावच धाक घालायला वापरलं जायचं.

अजून एक धागा. नोव्हेंबर २०१६ मध्ये सीएमएच्या मंचावर बियॉन्से गायली होती, आणि तिच्याबरोबर गायला कोण होतं? डिक्सी चिक्स. त्याही रात्री सीएमएच्या पानांवर संतापाच्या कमेंटचा खच पडला होता.

आता जून २०२५ मधली बातमी. रेकॉर्डिंग अकॅडमीने बेस्ट कंट्री अल्बमचे दोन भाग केले, पारंपरिक कंट्री आणि समकालीन कंट्री. अकॅडमीचं म्हणणं, इतर प्रकारांतही असे भाग आहेत, तेच इथे केलं. ऑनलाइन लोकांचं म्हणणं, बियॉन्से जिंकली म्हणून वेगळी पंगत मांडली. मला विचाराल तर पुरस्काराच्या नावापेक्षा मतदारांच्या यादीकडे बघायला हवं. आता सदस्याला सगळीकडे मत देता येत नाही. मोठे पुरस्कार सोडले तर जास्तीत जास्त १० पुरस्कारांना, तेही तीनच क्षेत्रांत. म्हणजे कंट्रीच्या पुरस्काराला मत देणारे २००७ पेक्षा थोडे तरी जवळचे असणार. पण 'पारंपरिक' कशाला म्हणायचं हे ठरवणारी एक समिती असणार, आणि बॅन्जो, फिडल घेऊन सुरुवात केलेला डिक्सी चिक्ससारखा ग्रुप आज आला तर ती त्याला कुठल्या खोक्यात टाकेल, हे बघायला मला आवडेल.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'ट्रॅव्हलिन सोल्जर', मग 'नॉट रेडी टू मेक नाइस', दोन्ही स्ट्रीमिंगवर आहेत. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर फिडल मरतं. वेळ असेल तर 'शट अप अँड सिंग' हा २००६ चा माहितीपट शोधा. त्यात वाद चिघळत असताना ग्रुप आणि त्यांचा मॅनेजर खोलीत बसून काय करायचं ते ठरवताना दिसतात. समोर लॅपटॉप, आणि फोन वाजतोय.